नवरा मुंबईत, बायको गावी: बाळाची वाट बघताना दोघांनी मिळून करायचं काय?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही डोंबिवलीला राहता, नोकरी अंधेरीत. बायको पहिलटकरीण, देवगड तालुक्यात माहेरी आहे. 26वा आठवडा चालू, तारीख जुलैच्या मध्याची. सासऱ्यांची हापूसची कलमं आहेत, त्यामुळे सध्या घरात आंब्याची गडबड. तुम्हाला महिन्यातून दोनदा शनिवार-रविवार येता येतं. तिला रात्री झोप लागत नाही, फोनवर मध्येच रडू येतं, बारीकसारीक कारणावरून खटके उडतात. ऑनलाइन गर्भसंस्काराचा कोर्स घ्यावा का, पोटाला हेडफोन लावून संगीत ऐकवावं का, कोणता मसाज शिकून यावा, असं तुम्ही विचारलंय. आणि सगळ्यात शेवटी एक ओळ आहे: "मी जवळ नाही, तर बाळाशी माझं नातं जुळेल ना?"

मी फिजिओथेरपिस्ट आहे. कणकवलीच्या आसपास गरोदर बायकांचे आणि जोडप्यांचे वर्ग बरीच वर्षं घेते. चाकरमानी नवरा आणि गावी बायको हे आमच्याकडे इतकं नेहमीचं आहे की वर्गात नवऱ्याच्या जागी आई किंवा जाऊ येऊन बसली तर कुणाला नवल वाटत नाही. तुमची शेवटची ओळ वाचली आणि वाटलं, खरा प्रश्न तोच आहे. कोर्स, हेडफोन, मसाज हे तुम्ही त्या काळजीवर शोधलेले उपाय आहेत. माझं मत आधीच सांगून टाकते. तिचं अंग सैल पडायला हवं असेल तर आधी तिच्या डोक्यातला घोर उतरायला हवा, आणि तो उतरवण्यात नवऱ्याचा वाटा मोठा असतो, मग तो शेजारच्या खोलीत असो नाहीतर डोंबिवलीत. श्वास, मालिश, बाळाशी गप्पा यांचा उपयोग नक्की होतो, पण तो घोर हलका झाल्यावर.

काही गोष्टी मात्र तुमच्या डॉक्टरांच्या सांगण्यावरच ठरतील. वार (प्लासेंटा) खाली असेल, कधी रक्तस्राव झाला असेल, गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घातला असेल, जुळं असेल, रक्तदाब वाढलेला असेल किंवा मुदतीआधी कळा सुरू होण्याची भीती असेल, तर चालणं, व्यायाम, प्रवास, शरीरसंबंध या सगळ्याचं गणित बदलतं. मी पुढे लिहिते ते दिवस सुरळीत चाललेल्या बाईसाठी आहे. घरात दोघांना एकांत मिळतो का, घरातली माणसं कशी आहेत, यावरही बरंच अवलंबून आहे, त्यामुळे यातलं जमेल ते उचला.

आधी त्या घोराबद्दल. ग्रँटली डिक-रीड नावाच्या ब्रिटिश प्रसूतितज्ज्ञाने 1930 आणि 40च्या दशकांत एक चक्र मांडलं होतं: भीती वाटली की अंग आखडतं, आखडलेल्या अंगाला कळा जास्त दुखतात, आणि दुखलं की भीती आणखी वाढते. त्यांचं सगळंच म्हणणं आज कुणी मानत नाही, पण हे चक्र मला वर्गात सतत दिसतं. म्हणून पहिल्याच दिवशी मी बायकांना कागद देते आणि कशाची भीती वाटते ते लिहायला सांगते. कुणी "बाळ हुशार होईल का" असं लिहीत नाही. रात्री दोन वाजता अंगावरून पाणी गेलं तर गाडी कोण काढणार, वहाळाला पाणी येऊन साकव बंद झाला तर काय, लाइट गेलेली असेल, फोनला रेंज नसेल, बाबांना रात्रीचं नीट दिसत नाही, आणि "हे वेळेवर पोचतील ना", असलंच सगळं कागदावर उतरतं. तुमची तारीख जुलैची, म्हणजे ऐन पावसातली. तुमच्या बायकोच्या डोक्यात यातलं निम्मं तरी चालू असणार, आणि ते बोलायला वाट मिळत नाही म्हणून ते भांडणातून बाहेर येतंय.

तेव्हा पुढच्या वेळी गावी आलात की मालिशचं तेल बाजूला ठेवा आणि एक कागद घेऊन बसा. बाळंतपण कुठे करायचं ते पक्कं करा: देवगडचं ग्रामीण रुग्णालय, कणकवलीचं उपजिल्हा रुग्णालय, ओरोसचं जिल्हा रुग्णालय की खासगी दवाखाना. रात्री तिथे डॉक्टर असतात का, सिझेरियनची सोय आहे का, रक्त लागलं तर कुठून येतं, बाळ लवकर आलं तर कुठे हलवतात, हे समोर बसून विचारा. वाडीतल्या गाडी असलेल्या दोन माणसांशी आत्ताच बोलून ठेवा. एकाच माणसावर विसंबू नका, तो नेमका त्या रात्री लग्नाला गेलेला असतो. 108 आणि 102 हे रुग्णवाहिकेचे दोन्ही नंबर घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये आणि भिंतीवर हवेत, आणि आशाताईंचा नंबरही. माता आणि बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे कागद, रक्तगटाची चिठ्ठी, आधार, बँकेचं पासबुक एका पिशवीत, ती पिशवी कुठे टांगलीय ते सगळ्यांना माहीत. वाडीचा रस्ता पावसात खरंच बंद पडत असेल तर शेवटचे दोन आठवडे दवाखान्याजवळच्या एखाद्या नातेवाइकाकडे तिला आणि तिच्या आईला ठेवायचं का, हे आत्ताच ठरवा.

तुमच्या येण्याचंही त्याच कागदावर खरं खरं लिहा. पावसाळी वेळापत्रक लागलं की कोकण रेल्वेच्या गाड्या हळू चालतात, कोकणकन्या असो की तुतारी, कणकवलीला उतरून पुढे देवगडपर्यंतचा रस्ता आहेच. पहिल्या बाळंतपणात कळा सुरू झाल्यापासून बाळ होईपर्यंत सहसा बरेच तास जातात, त्यामुळे फोन आल्यावर निघालात तरी पोचण्याची शक्यता चांगली आहे. पण खात्री नाही. "मी काहीही करून येईन" एवढ्या शब्दाने तिची झोप परत येणार नाही. "मी अमुक तारखेपासून रजा टाकतोय, त्याआधी कळा आल्या तर आई तुझ्याजवळ, दादा गाडी काढणार आणि मी पहिली मिळेल ती गाडी पकडणार" याने तिच्या जिवात जीव येईल. रजेचं आत्ताच ऑफिसात बोला. केंद्र सरकारी नोकरीत वडिलांना 15 दिवसांची पितृत्व रजा मिळते, खासगी कंपनीवर तसं कायद्याचं बंधन नाही, त्यामुळे तुमच्याकडे काय नियम आहे ते विचारून घ्यावं लागेल.

हा कागद माजघराच्या भिंतीवर लागला की बायकांच्या चेहऱ्यात फरक पडतो, हे मी अनेकदा पाहिलंय. म्हणून कोर्सच्या आधी हे.

आता रोजच्या फोनचं. आमच्याकडे फोनचं दुखणं वेगळंच असतं. घरात रेंज नसते, मग बाई खळ्याच्या टोकाला गडग्यापाशी उभी राहून बोलते. अंधार, डास, पाय सुजलेले, आणि ओटीवर बसलेल्या सगळ्यांना तिचं बोलणं ऐकू जातंय. अशा जागी मन मोकळं कसं होणार? रेंज जिथे येते तिथे हात टेकता येईल अशी खुर्ची, पायाखाली पाट, आणि एक दिवा एवढी सोय करून द्या. वायफाय घेणं परवडत असेल तर कोर्सचे पैसे तिकडे घाला. वेळ एकच ठरवा, जेवणं आटपल्यावर, आणि त्या वेळेला अर्धा तास तुम्ही लोकलमध्ये किंवा मित्रांत नसाल असं बघा.

पहिली दहा मिनिटं घराचे हप्ते, सासू काय म्हणाली, कोणाचं लग्न कुठे ठरलं, हे विषय नकोत. आज बाळ कधी जास्त हललं, आज कुठे दुखलं, काय खावंसं वाटलं, हे विचारा. ती रडली तर रडू द्या. पुरुषांना इथे फार घाई होते, बायको रडली की लगेच उपाय सांगायला लागतात. "हो, खूप अवघड जातंय तुला" एवढं म्हणून गप्प बसलात तरी चालेल. वर्गातली एक मुलगी म्हणाली होती, "तेंचो फोन इलो काय माका झोप लागता." तिचा नवरा फोनवर काही विशेष बोलत नसे. वेळ चुकवत नसे, इतकंच.

शेवटची दहा मिनिटं श्वासाची. हे फोनवरून उत्तम जमतं. तिने आधी अंथरुणावर कुशीवर यावं, डावी-उजवी कुठलीही कूस चालेल. दोन गुडघ्यांमध्ये उशी नाहीतर वाकळेची घडी, दुसरी छोटी घडी पोटाखाली. अंथरुणात रेंज नसेल तर खुर्चीतच, पाय पाटावर ठेवून. फोन स्पीकरवर ठेवायचा. मग तुम्ही हळू आवाजात अंक मोजायचे: चार अंकांत तिने नाकाने श्वास घ्यायचा, सहा अंकांत सोडायचा. श्वास कोंडून धरायचा नाही. सोडताना तोंडाने हलकं "हाऽऽ" केलं तरी चालेल. कपालभाती आणि भस्त्रिका या दिवसांत नकोत, भ्रामरी चालते. तुम्हीही तिच्याबरोबर तसाच श्वास घ्या. मोजणाऱ्याचा स्वतःचा श्वास घाईत असेल तर अंकही घाईत येतात.

पाच मिनिटं श्वास झाल्यावर अंग सैल सोडणं. एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टरने 1920च्या दशकात ही पद्धत बसवली, आणि आजही ती जगभर शिकवतात: एक एक भाग आवळायचा, दोन-तीन श्वास तसाच ठेवायचा, मग एकदम सोडून द्यायचा, म्हणजे सैल असणं म्हणजे काय ते अंगाला कळतं. तुम्ही नाव घ्याल तसं तिने करायचं. मुठी आवळ, सोड. खांदे कानापर्यंत, सोड. दात घट्ट, सोड, आता जबडा लोंबू दे. मांड्या घट्ट, सोड. पावलांपाशी मात्र जपायचं. बोटं पुढे ताणली तर पोटरीत गोळा येतो आणि सगळी झोप उडते, म्हणून बोटं स्वतःकडे ओढायची आणि सोडायची. पोट आवळायचं नाही. जबड्याकडे विशेष लक्ष द्या. बहुतेक बायकांना आपण दिवसभर दात आवळून बसलोय हे तोवर माहीतच नसतं. बाळंतपणाच्या वेळी हीच सवय कामाला येते. कळ येते तेव्हा खांदे आणि जबडा आवळला जातो, आणि ओळखीच्या आवाजातलं "सोड" ऐकलं की अंग आपोआप ऐकतं. म्हणून तिच्या आईलाही शेजारी बसून हे शिकू द्या.

झोपेचं आणखी एक. 28 आठवड्यांनंतर झोपताना कुशीवरच आडवं व्हायचं. उताणं झोपलं की गर्भाशयाचं वजन पोटातल्या मोठ्या रक्तवाहिन्यांवर पडतं. मध्यरात्री जाग आली आणि आपण उताणे आहोत असं दिसलं तर घाबरायचं नाही, कूस बदलायची.

तुम्ही प्रत्यक्ष याल तेव्हाचं स्पर्शाचं आता सांगते, कारण हे फोनवरून होत नाही. हात नसलेली लाकडी खुर्ची घ्या, प्लास्टिकची डगमगते. तिला उलटं बसवा, तोंड खुर्चीच्या पाठीकडे, पाय दोन बाजूंना, पुढे उशी, उशीवर हात आणि हातांवर डोकं. तुम्ही मागे पाटावर बसा. खोबरेल तेल तळहातात घेऊन दोन्ही हात एकमेकांवर चोळा, गार हात पाठीला लावू नका. पहिलं मिनिटभर काही करायचं नाही, दोन्ही तळवे तिच्या कमरेवर नुसते ठेवायचे आणि तिचा श्वास हातांना जाणवेपर्यंत थांबायचं. मग कण्याच्या दोन्ही बाजूंनी खालून वर सावकाश, खांद्यावरून बाहेर, पुन्हा खाली. कण्याच्या हाडावर दाब नको.

त्यानंतर कंबर संपून माकडहाडाच्या वर जो सपाट भाग लागतो तिथे तळहाताचा मनगटाकडचा भाग टेकवा. ती श्वास सोडेल तेव्हा अंगाचं वजन हातावर येऊ द्या, ती घेईल तेव्हा दाब कमी करा. कोपर सरळ ठेवलंत तर तुमचे हात लवकर दमणार नाहीत. "अजून जोरात की कमी?" एवढंच विचारा. तिने वर किंवा खाली सरकवायला सांगितलं की तिथे सरका, तिला जे बरं वाटतं ते तिलाच कळतं. ही जागा मुद्दाम सांगतेय. कळांच्या वेळी कंबर फुटायला येते तेव्हा याच ठिकाणचा दाब बायकांना आधार देतो. तुम्ही दर खेपेला हे केलंत तर जुलैपर्यंत हाताला सवय होईल, आणि पुन्हा सांगते, तिच्या आईलाही दाखवून ठेवा.

पाय चोळायला हरकत नाही, सूज असेल तर पायाखाली उशी घेऊन हलक्या हाताने. एकाच पायाची पोटरी सुजली, लाल झाली, दुखायला लागली तर ती चोळायची नाही, डॉक्टरकडे जायचं. शिरेत गाठ झाल्याचं ते लक्षण असू शकतं. पोटाला तेल लावायचं तर हळुवार हात फिरवायचा, चोळायचं नाही. आणि हे सगळं दहा-पंधरा मिनिटांत आटपा. तासभर केलंत की दोघांनाही ते काम वाटायला लागतं.

या दिवसांतल्या आंब्याच्या गडबडीबद्दल एक शब्द. गवतात बसून आंबे निवडायला, पेट्या भरायला ती बसत असेल तर तासन् तास एका जागी मांडी घालून बसणं कमरेला आणि पायांना वाईट. अर्ध्या तासाने उठायचं, पेटी उचलायची नाही. हे तिने सांगितलं तर "आम्ही नाही का केलं" असं उत्तर मिळतं. जावयाने सासऱ्यांशी प्रेमाने बोललं तर ऐकलं जातं. हे बोलणं सुद्धा तिच्या मनावरचं ओझं हलकं करणारं आहे. उन्हाळ्याचा घाम फार जातो, तेव्हा पेज, कोकम सरबत, साधं पाणी हाताशी असू द्या. लोहाच्या गोळीबरोबर चहा नको.

संध्याकाळी दोघांनी फिरायला जा. किनारा जवळ असेल तर पुळणीवर ओहोटीच्या वेळी, पाण्याजवळच्या घट्ट वाळूवरून. वरच्या मऊ वाळूत पाय रुततो आणि कमरेला हिसके बसतात. पाऊस लागला की जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, तेव्हा पडवीतल्या पडवीत फेऱ्या मारायच्या.

आता बाळ. 24 ते 26 आठवड्यांच्या सुमाराला बाळ आवाजाला प्रतिसाद द्यायला लागतं, म्हणजे तुम्ही योग्य वेळी विचारलंत. आईचा आवाज त्याला हवेतून आणि तिच्या शरीरातून असा दोन्हीकडून पोचतो. 1980 साली अँथनी डीकॅस्पर आणि विल्यम फिफर यांनी अमेरिकेत नवजात बाळांवर एक सुंदर प्रयोग केला. बाळ चोखणी ज्या तालात चोखेल त्यावरून त्याला आईचा किंवा दुसऱ्या बाईचा ध्वनिमुद्रित आवाज ऐकू येई, आणि बाळं आईचा आवाज मिळेल अशा तालात चोखत राहिली. 1984 साली तसाच प्रयोग वडिलांच्या आवाजावर झाला, तेव्हा नवजात बाळांनी वडिलांच्या आवाजाला तशी पसंती दाखवली नाही. हे मी तुम्हाला नाउमेद करायला सांगत नाही. पोटाला फोन चिकटवून बाळाला स्वतःचा आवाज पाठ करून देण्याची धडपड तुम्ही करू नये, एवढ्यासाठी सांगते. तुमचं बोलणं ऐकून ती हसते, श्वास संथ होतो, अंग सैल पडतं, आणि बाळ तर तिच्याच पोटात आहे. तुम्हाला बाळापर्यंत जायचा हा रस्ता आत्ता खुला आहे. बाळाशी बोला, जरूर बोला, आजीने म्हटलेली ओवी म्हणा, दिवसभरात काय झालं ते सांगा, नावांची चर्चा करा. त्यातून तुमचं मन बाप व्हायला लागतं, आणि जन्मानंतर त्याचाच उपयोग होतो.

हेडफोन पोटाला लावू नका. आतपर्यंत किती मोठा आवाज जातो ते बाहेरून कळत नाही, आणि बाळालाही झोप हवी असते. तिला भजन आवडत असेल तर भजन, लता-आशा आवडत असेल तर ते, नेहमीच्या आवाजात तिने ऐकावं. कोर्सबद्दल माझं मत असं: श्लोक, सूर, चांगलं वाचन याने आईला शांत वाटत असेल तर अवश्य करा. बाळ बुद्धिमान होईल, अमुक रंगाचं होईल, अमुक स्वभावाचं होईल, असं कुणी पैसे घेऊन सांगत असेल तर त्याला पुरावा नाही, आणि "आज श्लोक म्हणायचे राहिले" ही एक नवी टोचणी तिच्या मागे लागते.

बाळाची हालचाल 26व्या आठवड्यात बाहेरून हाताला सहसा लागते. ती जेवून कुशीवर आडवी झाली की तळहात पोटावर ठेवा. हात ठेवला की बाळ थांबलं असं वाटतं आणि बाप लगेच खट्टू होतात. थांबा जरा, हात हलवू नका, पाच-दहा मिनिटं द्या. तुम्ही मुंबईत असताना रोज रात्री "आज कधी हललं" हे विचारायला सांगितलं त्यामागे आणखी एक कारण आहे. 28 आठवड्यांनंतर प्रत्येक बाळाची हालचालीची एक ठरलेली रीत आईच्या ओळखीची होते. ती रीत बदलली, हालचाल कमी वाटली, तर उद्या बघू असं म्हणायचं नाही, त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. रोज विचारणारा नवरा असेल तर बाई हे अंगावर काढत नाही. जोरात डोकं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर आणि हातांवर अचानक सूज, रक्त किंवा पाणी जाणं, यालाही तोच नियम.

तुम्ही विचारलं नाहीत, पण वर्गात पुरुष मला बाजूला घेऊन विचारतात म्हणून लिहिते. सगळं सुरळीत असेल आणि डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर शरीरसंबंधाने बाळाला इजा होत नाही. वार खाली, रक्तस्राव, पाणी गेलेलं, मुदतीआधीच्या कळांची भीती, अशा वेळी नको. तिची इच्छा नसेल तर विषय संपला. माहेरच्या भरल्या घरात तो एकांतही मिळत नाही बऱ्याचदा. पण जवळ घेणं, केसांना तेल लावणं, हात हातात घेऊन झोपाळ्यावर बसणं याला कुणाची मनाई नाही. सासू-सासरे काय म्हणतील म्हणून कोकणातले तरुण नवरे बायकोपासून चार हात लांब बसतात, आणि तिला वाटतं आपलं वाढलेलं पोट यांना आवडत नाही.

घरातल्या मोठ्यांच्या रीतींबद्दल. तिन्हीसांजेला बाहेर जाऊ नको, ग्रहणात चिरू-कापू नको, हे चालायचंच, त्यांचा जीव त्यात अडकलेला असतो. त्यावरून भांडू नका. पण ग्रहण पाळायचं म्हणून दोन जिवांच्या बाईला तासन् तास अन्नपाण्यावाचून एका जागी निजवून ठेवत असतील तर ते थांबवा. ग्रहणाने बाळाला काही होत नाही, उपाशी आणि तहानलेलं राहण्याने मात्र तिला चक्कर येते. डॉक्टरांकडूनच हे आईच्या कानावर घाला, म्हणजे घरात कुणाला वाईट वाटत नाही. डोहाळजेवणाला मात्र सुट्टी काढून या. त्या दिवशी तिला नटवलेलं बघायला, फुलांची वाडी भरलेली बघायला तुम्ही तिथे असणं तिच्यासाठी फार मोठं असतं.

रडू येणं, चिडचिड, तुटक झोप हे या दिवसांत बऱ्याच जणींना होतं. पण दोन आठवडे सतत उदास, कशातच मन नाही, खाणं सुटलं, स्वतःला किंवा बाळाला काही करावं असे विचार येतात, असं असेल तर ते श्वासाने आणि मालिशने बरं होणारं दुखणं नाही. डॉक्टरांना सांगायचं. टेली-मानसच्या 14416 या मोफत सरकारी क्रमांकावर कुठल्याही वेळी बोलता येतं, मराठीतही. आणि तुमचंही बघा. एकटं राहणं, बाहेरचं खाणं, पैशांची जुळवाजुळव, त्यात ही काळजी. बाप होणाऱ्या पुरुषांनाही नैराश्य येतं, आणि ते बहुतेक वेळा रागाच्या रूपाने बाहेर पडतं. खटके उडतात असं तुम्ही लिहिलंय, त्यातले किती तिच्या बाजूने सुरू होतात आणि किती तुमच्या थकव्यातून, हे स्वतःशी बघा.

गोंधळ होऊ नये म्हणून क्रम एकदा सांगते. पुढच्या खेपेला कागद आणि दवाखान्याची चौकशी. त्या दिवसापासून रोज रात्री ठरलेल्या वेळी फोन, आधी तिचं ऐकणं, शेवटी श्वास आणि अंग सैल सोडणं. प्रत्येक खेपेला पाठीचं मालिश आणि एकदा तरी दोघांनीच फिरणं. जूनमध्ये तिच्या आईला बरोबर बसवून श्वास आणि कमरेचा दाब यांची उजळणी.

बाळंतपणाच्या वेळी ओळखीचं माणूस सतत जवळ असणं बाईला फायद्याचं असतं, हे अनेक देशांतल्या अभ्यासांतून दिसलंय आणि जागतिक आरोग्य संघटना तशी शिफारसही करते. आपल्याकडच्या सरकारी रुग्णालयांत सोबतीला सहसा नात्यातल्या बाईला घेतात, आणि खाटांमध्ये आडोशाची सोय असेल तिथे नवऱ्यालाही परवानगी देता येते. खासगीत प्रत्येक ठिकाणचा रिवाज वेगळा. हे आधी विचारून ठेवा, म्हणजे दारात वाद नको.

आणि त्या शेवटच्या ओळीबद्दल. नातं जन्माआधीच पुरं जुळायला हवं असं काही नसतं. बाळ आणि आई दोघं ठीक असतील तर जन्मल्यावर त्याला आधी आईच्या उघड्या छातीवर ठेवतात. सिझेरियन झालं आणि आईला वेळ लागत असेल तर वडिलांच्या छातीवर ठेवता येतं. डॉक्टरांना आधी सांगून ठेवा की तुमची तयारी आहे. शर्टाची बटणं काढायची, बाळ छातीवर उभं, डोकं एका कुशीला वळलेलं, नाक-तोंड मोकळं, अंगावर दोघांना मिळून एक पांघरूण. कमी वजनाच्या बाळांसाठी कोलंबियातल्या बोगोटा शहरात 1970च्या दशकाच्या शेवटी ही पद्धत सुरू झाली, आणि ती वडिलांनाही तेवढीच जमते. तुम्ही दोन दिवस उशिरा पोचलात तरी हे करता येतं, आणि रोज करता येतं. लंगोट बदलणं, ढेकर काढणं, रात्री खांद्यावर घेऊन फेऱ्या मारणं, यातून बाळाला तुमचा वास आणि आवाज ओळखीचा होतो. घरातल्या बायका "तुला नाही जमणार, दे इकडे" म्हणतील. पहिल्या आठवड्यात बाळ त्यांच्या हातात देऊ नका, शेजारी बसून शिकवा म्हणा.

पुढच्या तपासणीला तुम्ही बरोबर असाल तर वार कुठे आहे आणि काही हालचाल बंद ठेवायची आहे का, एवढं डॉक्टरांना विचारा. त्यांनी काही मनाई सांगितली तर इथे लिहा, त्याप्रमाणे बसण्याची पद्धत आणि मालिश कसं बदलायचं ते सांगते.